निरंक

सरकारी मराठीत ‘निरंक’ असा एक शब्द आहे. तालुक्याहून जिल्ह्याला जाणाऱ्या तक्त्यात ज्या रकान्यात लिहायला काही नसतं, तिथे तो लिहायचा. सर्पदंश : निरंक. उष्माघात : निरंक. रकाना कोरा सोडलेला चालत नाही. कोरा म्हणजे माहितीच आली नाही. निरंक म्हणजे पाहिलं, शोधलं आणि काही सापडलं नाही. बाहेरच्या माणसाला हा भेद कारकुनी वाटेल. पण पोलिओच्या रकान्यात हा एक शब्द खरेपणानं लिहिता यावा म्हणून भारतात वर्षाला साठ हजारांच्या आसपास मुलांचे लुळे पडलेले हातपाय तपासले गेले. त्यांतला पोलिओचा पाय शेवटी एकच निघाला, आणि पुढच्या वर्षी तोही नाही.

तो पाय पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यातल्या दीड वर्षाच्या एका मुलीचा होता. तारीख १३ जानेवारी २०११. त्याआधी दोनच वर्षं, २००९ मध्ये, भारतात पोलिओचे ७४१ रुग्ण होते आणि जगात इतके कुठेच नव्हते. २०१० मध्ये ४२. २०११ मध्ये ही एक मुलगी. मग शून्य. २७ मार्च २०१४ ला भारतासह दक्षिण-पूर्व आशियातल्या अकरा देशांना पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. शेवटच्या रुग्णापासून प्रमाणपत्रापर्यंत तीन वर्षं गेली, कारण नियमच तसा आहे. तीन वर्षं सतत निरंक, आणि तोही चोख शोधाशोध करून आलेला निरंक.

आता ही शोधाशोध कशी करायची? गंमत अशी, की पोलिओ शोधायला निघालेला माणूस पोलिओ शोधतच नाही. तो लुळेपणा शोधतो. पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक ढिला पडला, की कारण काहीही असो, त्याची नोंद व्हायलाच हवी. कारणं पुष्कळ असतात. चुकीच्या जागी टोचलेलं इंजेक्शन असतं, मज्जारज्जूची सूज असते, आणि गियाँ-बारे सिंड्रोम असतो. पुणेकरांनी ‘जीबीएस’ हे नाव जानेवारी २०२५ मध्ये ऐकलं. सिंहगड रस्ता, नांदेड गाव या पट्ट्यात दूषित पाण्यामुळे दोनशेहून अधिक जणांना त्याची बाधा झाल्याचा संशय होता आणि वर्तमानपत्रांची पहिली पानं भरली होती. पोलिओचं सर्वेक्षण करणारे लोक मात्र या जीबीएसला पंचवीस-तीस वर्षं रोज भेटत होते. त्यांच्या वहीतला तो नेहमीचा गिऱ्हाईक.

इथे पहिला डोकं चक्रावणारा आकडा येतो. पोलिओ अजिबात नसला तरी दर एक लाख मुलांमागे वर्षाला किमान एकाचा हातपाय असा लुळा पडतोच. जगभर हे गृहीत धरलं जातं, आणि भारतानं स्वतःसाठी दोनाचं माप ठरवलं. चाळीस लाख वस्तीचा जिल्हा घ्या. पंधरा वर्षांखालची मुलं साधारण दहा लाख धरली, तर त्या जिल्ह्यानं वर्षाला किमान वीस लुळी मुलं शोधून दाखवायची. वीस सापडली आणि विसांत पोलिओ नाही, तर निरंक खरा. पाचच सापडली, तर ‘आमच्याकडे पोलिओ नाही’ हे म्हणणं फेटाळलं जातं. उरलेली पंधरा मुलं कुठेतरी आहेत, ती तुम्हाला दिसली नाहीत. मग पोलिओ असता तर तो तरी दिसला असता कशावरून? परीक्षेत शून्य मिळवण्यासाठी आधी वीस मार्क मिळवावे लागण्याचा हा प्रकार आहे. सरकारी यंत्रणेतून इतकी सुरेख तर्कबुद्धी क्वचितच बाहेर पडते, म्हणून मुद्दाम सांगितलं.

मूल सापडलं की घड्याळ सुरू होतं. लुळेपणा आल्यापासून चौदा दिवसांच्या आत शौचाचे दोन नमुने घ्यायचे आणि दोहोंमध्ये किमान चोवीस तासांचं अंतर ठेवायचं. प्रत्येक नमुना साधारण आठ ग्रॅम. तो बर्फाच्या डब्यातून प्रयोगशाळेपर्यंत थंडगार पोचवायचा. लस गावाकडे थंड नेतात, तशी ही विष्ठा गावाकडून शहराकडे थंड आणायची. या कामातले लोक त्याला उलटी शीतसाखळी म्हणतात. साठ हजार मुलं, प्रत्येकी दोन नमुने, म्हणजे वर्षाला सव्वा लाखाच्या घरात डब्या. आठ ग्रॅमनं गुणलं तर जवळजवळ एक टन होतो. एका देशानं वर्षाला एक टन विष्ठा बर्फात ठेवून, पावती फाडून, रेल्वेनं नाहीतर बसनं, आठ प्रयोगशाळांमध्ये वाहून नेली, आणि एवढ्या सगळ्यातून एकही विषाणू मिळू नये अशी सगळ्यांची इच्छा होती.

जगाचा हिशेब यापेक्षा मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पोलिओ जाळ्यात ९२ देशांतल्या सुमारे १४५ प्रयोगशाळा आहेत आणि वर्षाला त्या दोन लाखांहून अधिक नमुने तपासतात. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली १९६ देशांना बांधून ठेवते. तिच्यात अवघे चार आजार असे आहेत, की एक रुग्ण सापडला तरी चोवीस तासांत जगाला कळवावं लागतं. देवी, सार्स, नव्या उपप्रकाराचा इन्फ्लूएन्झा आणि रानटी (म्हणजे लसीतून न आलेल्या) विषाणूचा पोलिओ. देवी तर पृथ्वीवरून गेली, तरी यादीत आहे.

एका रुग्णासाठी एवढी धावपळ का, याचं उत्तर दोनशे या आकड्यात आहे. पोलिओच्या विषाणूची बाधा झालेल्या साधारण दोनशे मुलांपैकी एकाचाच पाय लुळा पडतो. बाकीच्यांपैकी बहुतेकांना काहीच होत नाही, काहींना थोडा ताप येतो, घसा दुखतो. ती खेळतात, शाळेत जातात आणि आठवडेच्या आठवडे शौचावाटे विषाणू सोडत राहतात. म्हणजे हावड्याच्या त्या एका मुलीमागे शे-दोनशे धडधाकट मुलं उभी होती, आणि त्यांच्यातलं एकही कुठल्या वहीत आलं नाही. १९८८ मध्ये जगानं पोलिओ संपवायचं ठरवलं तेव्हा वर्षाला साडेतीन लाख मुलं पांगळी होत होती, दिवसाला जवळजवळ हजार. दोनशेनं गुणा. वर्षाला सात कोटी मुलांच्या आतड्यांतून हा विषाणू फिरत होता, आणि आपण फक्त कुबड्या मोजत होतो.

या न दिसणाऱ्या कोट्यवधींना गाठायचं कसं? त्यांना वेगळं काढता येत नाही, म्हणून मग सगळ्यांनाच गाठायचं. ९ डिसेंबर १९९५ ला देशभर पहिला पल्स पोलिओ झाला. त्यानंतरच्या पिढीतल्या प्रत्येक मराठी घरात पोलिओचा रविवार ही एक ओळखीची गोष्ट आहे. अंगणवाडीच्या व्हरांड्यात टेबल, निळा डबा, दोन थेंब, डाव्या करंगळीवर शाई, आणि रडणाऱ्या पोराला हातात देऊन टाकलेली शिट्टी नाहीतर फुगा. सोमवारपासून दारोदार. दारावर खडूनं इंग्रजी पी लिहिलं तर घरातली सगळी मुलं झाली, फुली असेल तर कुणीतरी राहिलंय, परत यायचं.

त्या रविवारांच्या ऐन भरातले आकडे असे : एका फेरीत सतरा कोटींहून अधिक मुलं, जवळजवळ एकवीस कोटी घरं, तेवीस-चोवीस लाख लस पाजणारी माणसं, त्यांच्यावर दीड लाख पर्यवेक्षक, वीस लाख लसवाहक डबे आणि त्रेसष्ट लाख बर्फाच्या लाद्या. साडेबावीस कोटी डोस. आता गंमत पाहा. दोन थेंब म्हणजे ०.१ मिलिलिटर. साडेबावीस कोटी डोस म्हणजे साडेबावीस हजार लिटर. उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या गावांत पाण्याचे जे दहा हजार लिटरचे टँकर येतात, तसे सव्वादोन टँकर. अख्ख्या हिंदुस्थानची एका फेरीची लस सव्वादोन टँकरांत मावते. ते दोन टँकर थेंबाथेंबानं सतरा कोटी तोंडांत ओतायचे, तेही आठ अंशांच्या वर तापू न देता, एवढंच काय ते काम होतं.

आणि तरी ते पुरत नव्हतं. हा आकडा मला सगळ्यांत जास्त छळतो. उत्तर प्रदेशात तीन प्रकारच्या विषाणूंची जी जुनी लस देत असत, तिचा एक डोस पहिल्या प्रकाराच्या विषाणूपासून फक्त नऊ टक्के मुलांना संरक्षण देत होता. उरलेल्या देशात एकवीस टक्के. दाट वस्ती, जुलाब, आतड्यांत आधीच ठाण मांडून बसलेले इतर विषाणू. लसीच्या विषाणूला पाय ठेवायला जागाच मिळत नसे. गणित मांडून पाहा. एका डोसनंतर ९१ टक्के मुलं उघडी. दहा डोसनंतर, म्हणजे दहा रविवार, दहा वेळा शाई, दहा वेळा दारावर पी, तरी ३९ टक्के मुलं उघडीच! मोरादाबादच्या एखाद्या आईनं दहाव्या खेपेला दार लावून घेतलं, तर तिला अडाणी म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहायला हवा होता. तिला जे जाणवत होतं ते शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये आकड्यांत मांडलं. त्याच सुमारास एकाच प्रकाराची लस आली, तिचा डोस तीस टक्क्यांपर्यंत लागू पडू लागला आणि दहा डोसनंतर उघडी राहणारी मुलं ३९ वरून तीन टक्क्यांच्या आत आली. २०१० मध्ये दोन प्रकारांची लस आली, आणि वर दिलेली ७४१, ४२, १ ही उतरंड सुरू झाली. पश्चिम उत्तर प्रदेश आणि कोसीच्या पुरात बुडणारा बिहार मिळून १०७ तालुक्यांत देशाचा बहुतेक पोलिओ शेवटी कोंडला गेला होता.

आता जरा मुंबईत परळला येऊ. हाफकिन संस्थेच्या आवारात एन्टरोव्हायरसवर काम करणारी एक जुनी प्रयोगशाळा आहे. देशातल्या पोलिओ जाळ्याचं ते एक मुख्य ठाणं. इथल्या लोकांनी २००१ मध्ये ठरवलं, की मूल लुळं पडण्याची वाट कशाला पाहायची? दोनशे मुलं विषाणू सोडतात तो जातो कुठे? नाल्यात. मग नालाच तपासायचा. धारावीसारख्या वस्त्यांच्या सांडपाण्यातून दर आठवड्याला बाटली भरून आणायला सुरुवात झाली.

बाटली एक लिटरची. मुंबईचं सांडपाणी दिवसाला दोनशे कोटी लिटरांहून अधिक. बाधा झालेलं मूल दिवसाला एक कोटीपर्यंत विषाणू बाहेर टाकतं. एक कोटी ऐकायला अफाट वाटतं, पण पोलिओचा विषाणू एका मिलिमीटरचा तेहतीस हजारावा भाग एवढा असतो. एक कोटी विषाणू एका ओळीत मांडले तर शाळेतली तीस सेंटिमीटरची पट्टी जेमतेम भरते. ही पट्टी दोनशे कोटी लिटरांत विरघळवली तर दर दोनशे लिटरमागे एक विषाणू येतो. एका मुलासाठी अख्ख्या मुंबईच्या गटारात एक लिटरची बाटली बुडवणं म्हणजे लॉटरीचं तिकीट काढणं. पण शहर सोडा, एक नाला धरा. लाखभर वस्तीचा नाला, माणशी शंभर लिटर पाणी, म्हणजे एक कोटी लिटर. आता दर लिटरमागे एक विषाणू. म्हणून नमुना घेण्याच्या जागा निवडताना एक लाख ते तीन लाख वस्तीचा नाला पाहतात. एका लाखातलं एक मूल, ज्याला साधा तापही आलेला नाही, ते एका बाटलीत सापडण्याची शक्यता तयार होते. (माणशी शंभर लिटर पाणी धारावीत मिळतं का, हा प्रश्न वेगळा.)

बाटलीतलं अर्धा लिटर पाणी आटवून दहा-एक मिलिलिटरवर आणतात. मग ते उंदराच्या पेशींवर सोडतात. उंदराला पोलिओ होत नाही, कारण विषाणूला आत शिरायला लागणारी कडी माणसाच्या पेशीवर असते, उंदराच्या नसते. प्रयोगशाळेत या उंदराच्या पेशींना मुद्दाम ती माणसाची कडी बसवलेली आहे. गटारात शंभर तऱ्हेचे विषाणू असतात, पण या दाराची कडी वाजवणारा बहुतेक वेळा पोलिओच.

सापडला, की त्याची जन्मपत्रिका काढतात. पोलिओचा जनुकीय मजकूर साडेसात हजार अक्षरांचा. त्यातला नऊशे अक्षरांचा एक तुकडा वाचायचा. हा तुकडा वर्षाला सुमारे एक टक्का बदलतो, म्हणजे नऊ अक्षरं, म्हणजे साधारण चाळीस दिवसांना एक. दोन नमुन्यांत नऊ अक्षरांचा फरक असेल तर त्यांच्या वाटा फुटून किती काळ लोटला असेल याचा अंदाज बांधता येतो. मुंबईच्या गटारातल्या विषाणूचं नातं अनेकदा उत्तर प्रदेशातल्या विषाणूशी निघायचं. रेल्वेच्या अनारक्षित डब्यातून कोण आलं ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण नाल्याला ठाऊक होतं. नोव्हेंबर २०१० मध्ये मुंबईच्या सांडपाण्यात रानटी विषाणू शेवटचा सापडला.

अक्षरं बदलण्याचं हे घड्याळ कधी कधी भलतंच काही सांगून जातं. नायजेरियात जुलै २०१४ नंतर रानटी पोलिओ सापडला नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये त्या देशाचं नाव पोलिओग्रस्त देशांच्या यादीतून काढलं. सोहळे झाले. ऑगस्ट २०१६ मध्ये बोर्नो प्रांतात पुन्हा रुग्ण निघाले, वर्षअखेर एकूण चार. विषाणूची अक्षरं वाचली तेव्हा कळलं, की ही ओळ २०११ नंतर कुणी पाहिलीच नव्हती. पाच वर्षं तो बोको हराम या अतिरेकी संघटनेच्या ताब्यातल्या गावांमधून, छावण्यांमधून फिरत होता. चार रुग्ण दिसले, म्हणजे त्या काळात निदान आठशे मुलांना बाधा झाली, आणि पाच वर्षांचा हिशेब तर मांडताच येत नाही. कागदावर मात्र दर आठवड्याला निरंक. तो निरंक नव्हता, कोरा रकाना होता. आफ्रिकेला रानटी पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळायला मग २५ ऑगस्ट २०२० उजाडावं लागलं.

उलटं उदाहरण इस्रायलचं. २०१३ मध्ये तिथल्या दक्षिण भागातल्या सांडपाण्यात रानटी विषाणू सापडला आणि महिनोन्‌महिने सापडत राहिला. त्याच्या मूळ ओळीचा माग पाकिस्तानात निघाला. पण एकाही मुलाचा पाय लुळा पडला नाही, कारण मुलांना इंजेक्शनची लस मिळालेली होती. ती पाय वाचवते, आतड्यातला विषाणू मात्र अडवत नाही. गटार तपासलं नसतं तर इस्रायलचा निरंक निष्कलंक दिसला असता. २०२२ मध्ये लंडनच्या बेक्टनला, जिथे चाळीस लाख लोकांचं सांडपाणी येतं, लसीपासून बदललेला दुसऱ्या प्रकारचा विषाणू मिळाला. त्याच वर्षी न्यूयॉर्कजवळ एक तरुण त्याच कुळातल्या विषाणूनं लुळा पडला. जून २०२४ मध्ये गाझातल्या गटारांत असाच लसीपासून बदललेला विषाणू निघाला, ऑगस्टमध्ये दहा महिन्यांच्या बाळाचा पाय गेला, तिथला पंचवीस वर्षांतला पहिला. सप्टेंबरमध्ये बॉम्बवर्षावाच्या फटींत, ठरवून घेतलेल्या विरामांत, बारा दिवसांत साडेपाच लाखांहून अधिक मुलांना थेंब दिले गेले.

‘लसीपासून बदललेला’ हा शब्द घाईनं ओलांडून चालणार नाही. तोंडावाटे द्यायच्या लसीत जिवंत, पण दुबळा केलेला विषाणू असतो. पुरेशी मुलं लसीविना राहिली, की हा दुबळा विषाणू एका आतड्यातून दुसऱ्यात जात चाळीस दिवसांना एक अक्षर बदलत जातो आणि कधीतरी पुन्हा पाय खाऊ लागतो. दुसऱ्या प्रकारचा रानटी विषाणू जगात शेवटचा सापडला तो १९९९ मध्ये, आपल्या अलिगढला. तो संपला, मग त्याची लस तरी कशाला, म्हणून एप्रिल २०१६ मध्ये पंधरवड्याच्या आत १५५ देशांनी एकदम जुनी लस काढून नवी आणली. साथरोगांच्या इतिहासात इतकी मोठी कवायत दुसरी झाली नसेल. कवायत उत्तम झाली, अंदाज चुकला. मागे राहिलेला दुसऱ्या प्रकारचा लस-विषाणू आता त्याच्याविरुद्ध संरक्षण नसलेल्या मुलांमध्ये पसरला आणि तेव्हापासून तीन हजारांहून अधिक मुलं त्यानं लुळी केली. आकड्यांच्या जोरावर घेतलेला निर्णय आकड्यांनीच खोटा पाडला, आणि हे मान्य करायला संबंधितांनी फार वेळ लावला असं माझं मत आहे. २०१८ मध्ये आपल्याकडे एका निर्मात्याच्या लसीत हा हद्दपार झालेला दुसरा प्रकार निघाला. त्या कुप्या उत्तर प्रदेश, महाराष्ट्र आणि तेलंगणात गेल्या होत्या. चोरी पकडली ती सांडपाण्याच्या आणि शौचाच्या नमुन्यांनीच.

पोलिओची जागतिक आणीबाणी ५ मे २०१४ ला जाहीर झाली. कोविडची आणीबाणी तीन वर्षं तीन महिने चालली. पोलिओची दहा वर्षं उलटली तरी उठलेली नाही. २०२१ मध्ये जगात रानटी पोलिओचे सहा रुग्ण होते. सहा! वाटलं, आता संपला. २०२४ मध्ये ९९ झाले, ७४ पाकिस्तानात आणि २५ अफगाणिस्तानात.

आणि धारावीच्या नाल्यात बाटली अजून बुडतेच. वेळ सकाळची, कारण शहर शौचाला जातं ती वेळ. गंमत म्हणजे या बाटलीत बहुतेक वेळा पोलिओचा विषाणू असतोच. दो बूंद घेतलेली लहानगी लसीचा विषाणू बाहेर टाकत राहतात, आणि त्यांच्याबरोबर पोटाचे इतर डझनभर विषाणूही वाहत येतात. प्रयोगशाळेच्या नियमपुस्तकात तर असं लिहिलंय, की एखाद्या जागेच्या किमान ठरावीक टक्के बाटल्यांत काही ना काही विषाणू मिळालाच पाहिजे. मिळाला नाही, बाटली खरोखरच स्वच्छ निघाली, तर कुणी आनंद करत नाही. बर्फ वितळला होता का, बाटली चुकीच्या जागी बुडवली का, पाणी भरपूर पावसाचं होतं का, याची चौकशी लागते, आणि पुढच्या खेपेला दुसऱ्या नाल्यावर माणूस पाठवतात.